योसेफाने लावलेला वेळ : कौटुंबिक कलह आणि क्षमा या विषयावरील एका शास्त्राभ्यासवर्गाचे परीक्षण

घरातील भांडणे आणि क्षमा या विषयावरील ख्रिस्ती अभ्यासवर्ग बहुधा एका ठरलेल्या वाटेने जातात. आधी सगळे उधळून परत आलेल्या मुलाला बाप जवळ घेतो तो उधळ्या पुत्राचा दाखला, मग किती वेळा क्षमा करावी याला येशूने दिलेले ‘साताच्या सत्तर वेळा’ हे उत्तर, आणि त्यानंतर उपस्थितांपैकी प्रत्येकाने आपापल्या घरच्यांना तिथल्या तिथे क्षमा करून टाकावी असा प्रेमळ पण ठाम आग्रह. ज्या वर्गाविषयी येथे लिहीत आहे तो या वाटेने जात नाही, आणि त्याची शिफारस करण्याचे माझे पहिले कारण हेच आहे. एका मंडळीने ऑनलाइन चालवलेला हा वर्ग मुख्यतः उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकावर आधारलेला आहे. दर आठवड्याला दीड तासाचे एक सत्र होते, सोबत एक पुस्तिका आणि सत्रांचे ध्वनिमुद्रण मिळते. शिकवणारे दोघे आहेत : जुन्या कराराचे (बायबलच्या पहिल्या भागाचे) एक अध्यापक आणि कौटुंबिक समुपदेशन करणाऱ्या एक बाई. जोडी चांगली जमली आहे. मात्र दोघांना मिळालेल्या वेळाची वाटणी अगदीच विषम आहे, आणि वर्गातील बहुतेक उणिवांचे मूळ मला त्या वाटणीतच दिसले.

काइन आणि हाबेल या भावांच्या सत्रात विशेष नवे काही नाही. हाबेलाचा खून होण्याआधीच देव काइनाशी बोलतो, त्याला सावध करतो, आणि काइन त्यावर एक शब्दही उच्चारत नाही, हे अध्यापकांनी नेमके दाखवले; बाकीचे सत्र ओळखीचेच होते. त्याच चौथ्या अध्यायाच्या शेवटी काइनाचा वंशज लामेख आपल्या बायकांपुढे सत्त्याहत्तरपट सुडाची बढाई मारतो, ती ओळ मात्र त्यांनी फळ्यावर तशीच लिहून ठेवली आणि तिचा उलगडा केला नाही. पुढे मत्तयाच्या सत्रात ती परत येते, तेव्हा हा माणूस आपला मालमसाला किती जपून वापरतो हे लक्षात येते.

खरा वर्ग सुरू होतो तो इसहाक, त्याची बायको रिबका आणि त्यांची जुळी मुले एसाव व याकोब यांच्या घरापासून. इसहाकाची माया एसावावर, रिबकेची याकोबावर, हे पंचविसाव्या अध्यायात एका वचनात सांगून झाले आहे, आणि उपदेशांत त्या वचनावरून ‘मुलांमध्ये भेदभाव करू नका’ एवढा बोध काढून पुढे जाण्याची रीत आहे. येथे तसे झाले नाही. धाकटा याकोब आईच्या सांगण्यावरून अंध बापाला फसवून एसावाचा आशीर्वाद मिळवतो, तो सत्ताविसावा अध्याय वाचायला देऊन प्रत्येकाला एकच काम सांगितले गेले : कोणत्या प्रसंगी कोण कोणाशी बोलते, त्यांची नावे समासात लिहा. इसहाक आणि एसाव, रिबका आणि याकोब, याकोब आणि इसहाक, एसाव आणि इसहाक, पुन्हा रिबका आणि याकोब, शेवटी रिबका आणि इसहाक. सबंध अध्यायात ही चार माणसे एकदाही एकत्र येत नाहीत. दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, आई थोरल्या मुलाशी बोलत नाही. जे काही घडते ते दाराआडून ऐकलेल्या आणि दुसऱ्याच्या तोंडून कळलेल्या गोष्टींवर घडते. समासातली ती नावांची रांग पाहून वर्गातील कोणी काही टिप्पणी केली नाही, आणि अध्यापकांनीही कोणाला बोलते करण्याचा प्रयत्न केला नाही, हे मला आवडले. आपापल्या घरातील बोलणी कशी चालतात याचा हिशेब प्रत्येक जण मनातल्या मनात करत होता हे उघड होते.

फसवणुकीची किंमत सांगतानाही वर्गाने भाषणबाजी टाळली. एसावाचा राग निवेपर्यंत थोडे दिवस माझ्या भावाकडे, लाबानाकडे, राहा, असे रिबका धाकट्याला सांगते. त्या थोड्या दिवसांची २० वर्षे होतात, आणि माय-लेकांची पुन्हा भेट झाल्याचे शास्त्रात कोठेही नाही. बापाला करड्यांच्या कातड्याने आणि भावाच्या वस्त्राने फसवणाऱ्या याकोबाला पुढे त्याचीच मुले बकऱ्याच्या रक्ताने आणि भावाच्या झग्याने फसवतात. या दोन घटना शेजारी-शेजारी ठेवून अध्यापक थांबले. ‘देवाने सूड घेतला’ असे म्हणण्याचा मोह येथे अनेकांना होतो, पण शास्त्र स्वतः तसे म्हणत नाही, एवढीच सूचना त्यांनी केली.

भावाभावांच्या भेटीचे सत्र या मालिकेतील दोन उत्तम सत्रांपैकी एक म्हणावे लागेल. एसाव ४०० माणसे घेऊन येत आहे हे कळल्यावर याकोब घाबरतो, प्रार्थना करतो, आणि प्रार्थना करूनही जनावरांचे कळप भेट म्हणून पुढे पाठवतो : २०० शेळ्या, २० बोकड, २०० मेंढ्या, २० एडके, ३० दुभत्या सांडण्या आणि त्यांची पिल्ले, ४० गाई, १० बैल, २० गाढवी आणि १० गाढवे. ही यादी पूर्वी मी नेहमी नजरेआड करत असे; येथे ती मोठ्याने वाचायला लावली, आणि भीतीने पछाडलेला माणूस किती बारकाईने मोजमाप करतो ते त्यातून ऐकू आले. मग यब्बोक नदीच्या काठी एका अनोळखी पुरुषाशी झुंजण्यात गेलेली रात्र, त्यात उखळलेली जांघ, आणि सकाळी लंगडत, सात वेळा भूमीपर्यंत लवत भावाकडे जाणारा याकोब. एसाव धावत येतो, त्याला मिठी मारतो, त्याच्या गळ्यात पडतो आणि दोघे रडतात. एसावाचा राग कसा गेला, कधी गेला, हे शास्त्र सांगत नाही. अध्यापकांनीही ते सांगण्याचा आव आणला नाही.

त्यापुढचा मुद्दा समुपदेशक बाईंनी मांडला आणि मला तो सबंध वर्गातील सर्वांत उपयुक्त वाटला. एसाव बरोबर चलण्याचा आग्रह करतो. याकोब मुले लहान आहेत, जनावरे दुभती आहेत अशी सबब सांगतो, मागाहून सेईरला, एसावाच्या मुलखात, येतो म्हणतो, आणि प्रत्यक्षात सुक्कोथला जाऊन घर बांधतो. दोघे भाऊ पुढे बापाला मूठमाती द्यायला एकत्र येतात, पण एकत्र राहत नाहीत. म्हणजे समेट झाला म्हणून एकाच छताखाली, एकाच व्यवहारात पुन्हा अडकलेच पाहिजे असे नाही. याकोबाने यासाठीही खोटेच सांगितले, हे बाईंनी झाकले नाही. अंतर राखणे योग्य आणि थाप मारणे अयोग्य, या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या केल्या. अशा वर्गांत ‘क्षमा केलीस तर मग घरी का येत नाहीस’ या प्रश्नाने माणसाला कोंडीत पकडले जाते, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना या दहा मिनिटांचे मोल वेगळे सांगायला नको.

या सत्रात एक गोष्ट मात्र राहून गेली, आणि ती राहायला नको होती. एसाव दिसताच याकोब आपल्या कुटुंबाची मांडणी करतो : पुढे दासी आणि त्यांची मुले, त्यांच्यामागे पहिली बायको लेआ आणि तिची मुले, आणि सर्वांत मागे, म्हणजे सर्वांत सुरक्षित जागी, लाडकी बायको राहेल आणि तिचा मुलगा योसेफ. घाला पडलाच तर कोणी आधी मरायचे, हे बापाने मुलांच्या डोळ्यांदेखत ठरवले होते. बापाने योसेफालाच दिलेल्या पायघोळ झग्याची गोष्ट चार अध्यायांनंतर येते, पण तिचे बी या रांगेत आहे. भावांच्या समेटाच्या क्षणीच पुढच्या पिढीच्या वैराची पेरणी चालू असते, असे दाखवण्याची इतकी चांगली संधी शिकवणाऱ्यांनी हातची सोडली याचे नवल वाटले.

योसेफाच्या कथेला वर्गाने सर्वाधिक वेळ दिला आहे आणि तो सार्थकी लागला आहे. योसेफ १७ वर्षांचा असताना ही कथा सुरू होते. भाऊ त्याला दोथानाजवळ कोरड्या खड्ड्यात टाकतात, स्वतः जेवायला बसतात आणि मग २० रुप्याच्या नाण्यांना विकतात. ३० व्या वर्षी तो मिसराच्या (इजिप्तच्या) राजापुढे, फारोपुढे, उभा राहतो आणि मोठा अधिकारी होतो. त्यानंतर सुबत्तेची सात वर्षे आणि दुष्काळाची दोन वर्षे गेल्यावर, धान्यासाठी मिसरात आलेल्या भावांना त्याची ओळख कळते. वर्गात हा हिशेब मांडून एक अडचणीचा प्रश्न विचारला गेला : अधिकारपद मिळाल्यावर इतकी वर्षे योसेफाने घरी एक निरोपही का पाठवला नाही? पहिल्या मुलाचे नाव मनश्शे ठेवताना तो म्हणतो की देवाने मला माझ्या बापाच्या घराचा विसर पाडला. जो माणूस विसरल्याचे सांगतो तो विसरलेला नसतो, अशी एक टिप्पणी चर्चेत कोणीतरी केली. अध्यापकांनी ती खोडली नाही आणि तिच्यावर शिक्कामोर्तबही केले नाही.

४२ ते ४५ हे अध्याय शिकवताना पुस्तिकेचा उत्तम उपयोग केला आहे. योसेफ कोठे कोठे रडतो आणि त्या वेळी त्याच्याजवळ कोण असते, एवढेच टिपायला सांगितले आहे. भाऊ आपसांत जुन्या अपराधाविषयी बोलतात. मध्ये दुभाष्या असल्यामुळे हा अधिकारी आपली भाषा जाणतो याची त्यांना कल्पना नसते. तेव्हा तो त्यांच्यापासून बाजूला होऊन रडतो. धाकट्या सख्ख्या भावाला, बन्यामिनाला, पाहिल्यावर आतल्या खोलीत जाऊन रडतो, तोंड धुतो, स्वतःला सावरतो आणि जेवण वाढायला सांगतो. बन्यामिनाऐवजी मला ठेवा, हे यहूदा या भावाचे बोलणे ऐकल्यावर मात्र सगळ्या मिसरी लोकांना बाहेर घालवून तो इतक्या मोठ्याने रडतो की बाहेरच्यांना ते ऐकू जाते. हे तीन प्रसंग एका पानावर लिहून काढल्यावर क्षमा ही मनाच्या एका उसळीत घडणारी गोष्ट नव्हे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

योसेफाने भावांना हेर ठरवले, तीन दिवस कोठडीत टाकले, त्यांच्यातल्या शिमोनाला ठेवून घेतले, पोत्यांत पैसे परत घातले, बन्यामिनाच्या गोणीत रुप्याचा प्याला लपवला. हा सूड की पारख? शिकवणाऱ्यांनी पारखेच्या बाजूने कौल दिला आणि आधार भक्कम दिले. बन्यामिनाच्या ताटात इतरांच्या पाचपट वाढून भावांच्या चेहऱ्यांकडे पाहिले जाते. मग नेमकी जुनीच परिस्थिती उभी केली जाते : बापाचा लाडका धाकटा संकटात आहे आणि थोरल्यांना त्याला सोडून सुखरूप घरी जाता येते. माझे मत थोडे निराळे आहे. पारख होती हे मान्य, पण शिमोन मिसरात अडकून पडला आणि त्याची सुटका धान्य संपेपर्यंत लांबली, हे केवळ पारखेत बसत नाही. जखमी माणसाच्या हातात सत्ता आली की पारख आणि दुखावणे यांची सरमिसळ होते. हे मान्य केल्याने योसेफ लहान होत नाही.

यहूदाचे बोलणे पुस्तिकेत एका स्वतंत्र पानावर, कसलीही टीप न जोडता छापले आहे, आणि वर्गात ते एकाने सलग वाचायचे असा नियम होता. विकण्याची सूचना याच यहूदाची. मधल्या अडतिसाव्या अध्यायात त्याचे दोन मुलगे दगावतात आणि तिसऱ्याला गमावण्याच्या भीतीने तो सुनेला फसवतो. उघडकीला आल्यावर ‘ती माझ्यापेक्षा नीतिमान आहे’ अशी कबुलीही देतो. उपदेशांत हा अध्याय बहुधा संकोचाने ओलांडला जातो. येथे तो वाचला गेल्यामुळे, बन्यामिनाला हातचा न सोडणारा याकोब यहूदाला एवढा का कळतो, हे समजले. आणि त्या बोलण्यातील एक वाक्य तर ऐकताना अंगावर आले. माझ्या बायकोने मला दोन मुलगे दिले, हे बापाचे शब्द यहूदा परक्या अधिकाऱ्यापुढे जसेच्या तसे सांगतो. यहूदा लेआचा मुलगा आहे. बापाच्या त्या वाक्यात त्याची आई बायको म्हणून जमेस धरलेली नाही आणि तो स्वतः मुलगा म्हणूनही नाही. तरीही तो हे कडवटपणा न ठेवता उच्चारतो, आणि त्याच बापाला दुःख होऊ नये म्हणून स्वतः गुलाम व्हायला तयार होतो. बापाचा पक्षपात शेवटपर्यंत सुटलेला नाही. बदलला आहे तो यहूदा. योसेफाचा बांध या ठिकाणी फुटतो, हे अध्यापकांनी इतक्या शांतपणे दाखवले की त्या सत्रासाठी सबंध वर्ग करावा असे मी म्हणेन.

पन्नासाव्या अध्यायाबाबत मात्र वेळ कमी पडला. मिसरात १७ वर्षे राहून याकोब मरतो आणि भावांना पुन्हा धास्ती वाटते. बापाने मरण्यापूर्वी आमची क्षमा करायला सांगितले होते, असा निरोप ते पाठवतात. याकोबाने तसे सांगितल्याची नोंद शास्त्रात नाही. निरोप ऐकून योसेफ रडतो. ‘मी देवाच्या ठिकाणी आहे काय’ असे विचारतो, तुम्ही वाईट योजले पण देवाने त्यातून भले योजले असे म्हणतो, त्यांच्या मुलाबाळांच्या पोषणाची हमी देतो. ‘मी तुम्हांला क्षमा केली’ हे शब्द या साऱ्या कथेत तो एकदाही उच्चारत नाही, हे निरीक्षण बाईंनी नोंदवले आणि १७ वर्षे त्याचे अन्न खाऊनही भावांना क्षमा खरी वाटली नव्हती, याकडे लक्ष वेधले. येथून अपराध्याच्या मनातील भीती, दिलेली क्षमा स्वीकारता न येणे, यांविषयी बोलणे सुरू व्हायला हवे होते. तेवढ्यात वेळ संपली आणि प्रार्थना झाली.

याहून गंभीर तक्रार दावीद राजाच्या घरावरील सत्राविषयी आहे. दुसऱ्या शमुवेलाच्या तेराव्या अध्यायात दाविदाचा मुलगा अम्नोन आपल्या सावत्र बहिणीवर, तामारेवर, बलात्कार करतो. दावीद संतापतो, पण काहीही करत नाही. तामारेचा सख्खा भाऊ अबशालोम दोन वर्षे थांबून अम्नोनाला ठार करतो, तीन वर्षे गशूरात पळून राहतो, परत आल्यावरही दोन वर्षे त्याला बापाचे तोंड पाहायला मिळत नाही. शेवटी राजा त्याचे चुंबन घेतो आणि त्यानंतर काही काळातच बंड उभे राहते. पोकळ समेटाचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे नाही, आणि त्या अंगाने सत्र ठीक होते. पण तामार या सत्रात अबशालोमाच्या रागाचे कारण एवढ्यापुरतीच उरली. ‘बहिणी, गप्प राहा, हे मनाला लावून घेऊ नकोस’ अशा अर्थाचे तिच्या भावाचे शब्द, आणि ती त्याच्या घरात उद्ध्वस्त होऊन राहिली ही नोंद, यांवर एक वाक्यही बोलले गेले नाही. याकोबाची मुलगी दीना हिच्यावरील अत्याचाराचा, उत्पत्तीचा चौतिसावा अध्याय तर अभ्यासक्रमात नाहीच. ज्या घरात अत्याचार झाला आहे तेथे क्षमेचा अर्थ काय आणि काय नव्हे, याची चर्चा न करता हा विषय पुरा होत नाही. अत्याचार चालू असेल तर आधी सुरक्षितता, आधी तक्रार, हे समुपदेशक बाईंनी स्पष्ट शब्दांत सांगायला हवे होते. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर ते बारीक टायपात आहे, आणि त्याची जागा ती नव्हे.

नव्या करारावरील सत्रे तुलनेने आटोपशीर आहेत. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात, भावाला किती वेळा क्षमा करावी या शिष्य पेत्राच्या प्रश्नाला येशूने दिलेले उत्तर शिकवताना लामेखाची ओळ परत आली. सुडाच्या त्या आकड्याचा प्रतिध्वनी क्षमेच्या आकड्यात ऐकवला गेला. निर्दय चाकराच्या दाखल्यात दोन आकडे आहेत : चाकराला माफ झालेले १०,००० तालांतांचे कर्ज आणि त्याने सोबत्याकडून वसूल करू पाहिलेले १०० दिनार. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, तेव्हा १०० दिनार ही काही किरकोळ रक्कम नव्हे. भावाने केलेला अपराध क्षुल्लक आहे असे दाखला म्हणत नाही. तो खराच आहे, फक्त आपल्याला माफ झालेल्या कर्जापुढे तो उणा पडतो. ‘एवढ्याशा गोष्टीचे काय घेऊन बसलास’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा. त्याच अध्यायात त्याआधी, भावाकडे एकटे जा, ऐकले नाही तर एक-दोघांना सोबत ने, अशी रीत सांगितली आहे. क्षमा आणि जाब विचारणे ही एकाच अध्यायात शेजारी नांदतात, हे दाखवल्याबद्दल शिकवणाऱ्यांचे आभार मानावेत. लूकमधील उधळ्या पुत्राच्या दाखल्यातील धावणारा, गळ्यात पडणारा बाप आणि धावणारा, गळ्यात पडणारा एसाव यांची जोडणीही सुरेख होती. पळून गेलेल्या दासाला पुन्हा स्वीकारावे म्हणून पौलाने फिलेमोनाला लिहिलेल्या पत्राला दिलेली पंधरा मिनिटे मात्र न दिल्यासारखीच.

व्यवस्थेविषयी थोडे. पुस्तिकेची मांडणी स्वच्छ आहे, वचने पूर्ण छापली आहेत, आणि लिहायला भरपूर मोकळी जागा आहे. वाचनाचा बोजा जास्त आहे. आठवड्याला चार-पाच अध्याय नीट वाचल्याखेरीज सत्रात काही हाती लागत नाही. गटचर्चेत ऐकलेले बाहेर न्यायचे नाही असा नियम पहिल्याच दिवशी सर्वांकडून वदवून घेतला जातो, पण ध्वनिमुद्रणातून सहभागींचे बोलणे काढून टाकले जात नाही, आणि आवाज ओळखू येतात. लोक आपल्या सासरमाहेरच्या, भाऊबंदकीच्या गोष्टी जेथे बोलतात तेथे ही ढिलाई चालण्यासारखी नाही. आयोजकांना हे कळवले असता पुढील वर्गापासून फक्त व्याख्यानाचा भाग ठेवू असे उत्तर मिळाले.

जुने, थंडावलेले वैर, वाटणीवरून तुटलेले बोलणे, आईबापांच्या पक्षपाताची सल, अशा गोष्टी मनात असणाऱ्यांना हा वर्ग निःशंकपणे सुचवावा. पाळकांनी आणि मध्यस्थी करणाऱ्या वडीलधाऱ्यांनी तर तो आवर्जून करावा, कारण क्षमेची घाई बहुधा तेच करतात. ज्यांच्या घरात मारहाण किंवा अत्याचार आजही चालू आहे त्यांच्यासाठी, अभ्यासक्रम आहे या स्वरूपात, हा वर्ग नाही. त्यांनी समुपदेशक बाईंशी स्वतंत्रपणे बोलण्याची सोय आहे का, हे नोंदणीपूर्वी विचारावे. तशी सोय मागितल्यास मिळते, फक्त जाहिरातीत तिचा उल्लेख नाही.